मृत्युपत्रासाठी वकील शोधताना: कोर्टाच्या बाररूमपासून दुय्यम निबंधकाच्या टेबलापर्यंत

मृत्युपत्र करायला कायद्याने वकील लागत नाही. साध्या कोऱ्या कागदावर मराठीत लिहायचं आणि खाली सही करायची. दोन साक्षीदारांनी ती सही पाहायची आणि तुमच्यासमोर स्वतःच्या सह्या करायच्या. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ चं कलम ६३ एवढंच मागतं. स्टॅम्प पेपर नको, नोटरीचा शिक्का नको, नोंदणीचीही सक्ती नाही.

तरी बहुतेकांनी वकील गाठावा. मृत्युपत्र उघडलं जातं तेव्हा खुलासा करायला लिहिणारा नसतो. तो कागद तलाठ्यापुढे जातो, सोसायटीच्या सेक्रेटरीपुढे जातो, बँकेत जातो, आणि एखादा वारस नाराज असेल तर दिवाणी न्यायाधीशापुढेही. जो वकील लिहिताना या सगळ्यांची टेबलं डोळ्यांपुढे ठेवतो तो तुम्हाला हवा आहे. अर्ध्या तासात छापील नमुन्यात नावं भरून देणारे कुठल्याही दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर मिळतात, त्यांच्यासाठी हा लेख वाचायची गरज नाही.

आधी काम ओळखा

"प्रॉपर्टीचं काम आहे" म्हणून वकिलाकडे गेलात तर तो त्याला जमणारं काम तुमच्या गळ्यात मारेल. म्हणून घरीच ठरवा, नेमकं काय करायचं आहे.

मालमत्ता तुमची आहे आणि तुमच्यानंतर ती कोणाला जावी हे लिहून ठेवायचं आहे, तर ते मृत्युपत्र. हयातीतच द्यायची आहे, तर बक्षीसपत्र. वडील किंवा आई आधीच गेले आहेत आणि नावं लागायची राहिली आहेत, तर काम वारस नोंदीचं, कदाचित बहिणभावांच्या हक्कसोडपत्राचं, नाहीतर कोर्टातल्या प्रमाणपत्राचं. भाऊबंदकीत भांडण पेटलेलं असेल, तर वाटपाचा दावा, आणि त्याला कोर्टात उभा राहणारा वकील लागतो. उत्तम दावा लढवणाऱ्याला मृत्युपत्राचा मसुदा चांगला येईलच असं नाही. उलटंही तसंच.

बक्षीसपत्राबद्दल एक इशारा इथेच. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन जोडीदाराला, मुलामुलीला किंवा नातवंडांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, वर ठिकाणानुसार अधिभार. स्वस्त दिसतं म्हणून बरेच ज्येष्ठ नागरिक हा रस्ता धरतात. पण मृत्युपत्र मरेपर्यंत कितीही वेळा बदलता येतं आणि बक्षीसपत्र सहीच्या दिवशी हातातून सुटतं. ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७ च्या कलम २३ खाली ते रद्द करून मागता येतं, मात्र "सांभाळ करण्याच्या अटीवर" दिलं होतं हे दाखवावं लागतं. ही अट बक्षीसपत्रातच लिहायला हवी. "घर मुलाच्या नावावर करायचंय" म्हटल्याबरोबर जो वकील बक्षीसपत्र टाइप करायला बसतो आणि "तुम्ही राहणार कुठे?" हे विचारत नाही, त्याच्याकडून उठून या.

कागदांची पिशवी

पहिल्या भेटीआधी हे गोळा करा. शेतजमीन असेल तर चालू सातबारा, ८अ (तुमच्या खात्यावरच्या सगळ्या जमिनींचा उतारा) आणि जमीन तुमच्याकडे ज्या फेरफारांनी (हक्कबदलाच्या नोंदींनी) आली ते सगळे जुने फेरफार. गावठाणात किंवा शहरात घर असेल तर मिळकत पत्रिका किंवा घरपट्टीचा उतारा, आणि खरेदीखत. फ्लॅट असेल तर नोंदणीकृत करारनामा, त्याची सूची क्रमांक दोन (नोंदणीचा गोषवारा, 'इंडेक्स टू'), शेअर सर्टिफिकेट आणि सोसायटीत दिलेल्या नामनिर्देशनाची प्रत. बँक खाती, मुदत ठेवी, पोस्ट, विमा, डिमॅट, भविष्य निर्वाह निधी यांची एका पानावर यादी करा आणि प्रत्येकापुढे नॉमिनी कोण ते लिहा. कर्ज असेल तर तेही. दागिन्यांची वजनासह नोंद केली तर उत्तम.

शिवाय वंशावळ. आजोबांपासून खाली, हयात आणि मयत सगळे, मयतांच्या मृत्यूच्या तारखा, लग्न झालेल्या मुलींची माहेरची आणि सासरची अशी दोन्ही नावं. हा कागद लोक टाळतात आणि वकिलाचा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. आजोबा १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याआधी वारले की नंतर, यावर तुमच्या वाट्याचा हिशेब बदलू शकतो, त्यामुळे तारखा अंदाजपंचे नकोत.

नावांच्या स्पेलिंगकडे आत्ताच बघा. सातबारावर "दत्तात्रय", आधारवर "दत्तात्रेय", शेअर सर्टिफिकेटवर नुसतं "डी. के." असा प्रकार घरोघरी असतो. मृत्युपत्रात "उर्फ" लावून सगळी रूपं एकदा लिहिली की पुढच्यांची प्रतिज्ञापत्रांची वारी वाचते.

"स्थानिक" म्हणजे कुठला?

माणूस डोंबिवलीत, फ्लॅट डोंबिवलीत, जमीन रत्नागिरी जिल्ह्यात, सामाईक सातबारावर चुलत्यांसह अकरा नावं. वकील कुठला करायचा?

मृत्युपत्राचा मसुदा तुम्ही राहता तिथल्या वकिलाकडून करून घ्या. त्याच्याकडे दोनतीन फेऱ्या होणार आहेत, आणि नोंदणी करायची झाली तर ती मिळकत जिथे आहे त्याच कार्यालयात व्हावी असं मृत्युपत्राच्या बाबतीत बंधन नाही. पण जमिनीचे कागद तपासायला त्या तालुक्याच्या गावचा वकील हवा. सामाईक क्षेत्रात तुमचा हिस्सा किती, कुळाची नोंद आहे का, जमीन भोगवटादार वर्ग २ ची (विकायला सरकारी परवानगी लागणारी) आहे का, सातबाराच्या 'इतर हक्क' रकान्यात कोणाचा बोजा आहे, हे तो तलाठी कार्यालयातून एका दिवसात काढतो. (तलाठ्याचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, गावात अजून तलाठीच म्हणतात.) दोन वकील म्हणजे दुप्पट खर्च असं वाटतं, पण गावच्या वकिलाकडून फक्त शोध घ्यायचा असतो, आणि त्याची फी वेगळी ठरवता येते.

मुंबईच्या मालमत्तेचा एक वेगळा इतिहास आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ अधिकारक्षेत्रातल्या मिळकतीसाठी हिंदूंच्या मृत्युपत्राला प्रोबेट, म्हणजे कोर्टाकडून मृत्युपत्र शाबीत करून घेणं, वर्षानुवर्षं सक्तीचं होतं. डिसेंबर २०२५ मध्ये झालेल्या निरसन व सुधारणा कायद्याने उत्तराधिकार कायद्यातलं कलम २१३ वगळलं आणि ती सक्ती गेली. वकिलाला हा प्रश्न जरूर विचारा. "मुंबईत प्रोबेट लागतंच" एवढंच उत्तर आलं तर त्याचं वाचन जुनं आहे. "सक्ती नाही, पण वारसांत वाद दिसत असेल तर घेतलेलं बरं" असं उत्तर आलं तर माणूस कामाचा.

गोव्यातली मिळकत असेल तर महाराष्ट्रातल्या वकिलावर अवलंबून राहूच नका. तिथे २०१२ चा स्वतंत्र वारसा कायदा आहे. पतिपत्नीच्या मालमत्तेची बहुधा समाईक मालकी असते, अर्धी इस्टेट मुलांसारख्या सक्तीच्या वारसांसाठी राखीव राहते, आणि वाटणी इन्व्हेंटरी प्रक्रियेने, म्हणजे मालमत्तेची यादी करून कोर्टामार्फत, होते. पुण्यात लिहिलेलं "सगळं धाकटीला" हे वाक्य म्हापशाच्या घराला जसंच्या तसं लागू पडत नाही.

परदेशात राहणाऱ्यांनी एकच खड्डा लक्षात ठेवावा. भारतातल्या मालमत्तेसाठी इथे मृत्युपत्र केलं, आणि पाच वर्षांनी अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये तिथल्या वकिलाने दुसरं केलं. त्यात "याआधीची सर्व मृत्युपत्रे रद्द" हे ठरीव वाक्य असतंच. ते इथलंही मृत्युपत्र उडवू शकतं. दोन्ही वकिलांना दुसऱ्या देशातल्या कागदाची प्रत द्या आणि प्रत्येकात "हे फक्त अमुक देशातल्या मालमत्तेपुरते" असं लिहून घ्या. आणि मुखत्यारपत्र देऊन दुसऱ्याकडून मृत्युपत्र करवता येत नाही, सही स्वतःचीच लागते.

नावं मिळवायची कुठून

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार वकिलाला जाहिरात करायला किंवा गिऱ्हाईक मागायला मनाई आहे. त्यामुळे "शहरातले पहिले दहा वकील" अशा याद्या आणि फोन करून मागे लागणाऱ्या सेवा यांच्यापासून चार हात लांब राहा. चांगली नावं तोंडी फिरतात, आणि ती कोणाच्या तोंडून घ्यायची हे ठरलेलं आहे.

पहिलं ठिकाण म्हणजे तुमच्या तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या दिवाणी न्यायालयातली बाररूम. दुपारच्या सुट्टीत जा. "चांगला वकील कोण" असं विचारू नका, सगळेच हात वर करतील. "उत्तराधिकार प्रमाणपत्राचे आणि मृत्युपत्राचे अर्ज इथे कोण जास्त चालवतं" असं विचारा. दोनतीन जणांकडून तेच नाव आलं तर टिपून घ्या. दुसरं ठिकाण तुमच्या सोसायटीचे जुने सेक्रेटरी किंवा व्यवस्थापक, ज्यांनी सभासद वारल्यावर हस्तांतरणाच्या फायली हाताळल्या आहेत. कोणाची कागदपत्रं एका फेरीत मंजूर झाली हे त्यांना पाठ असतं. तिसरं, तुमचा सीए. गावाकडे सेवानिवृत्त मंडळ अधिकारी भेटला तर त्याच्यासारखा सल्लागार नाही.

दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेरच्या दस्तलेखकाकडे नाव विचारायला हरकत नाही, मसुदा मात्र त्याच्याकडून करून घेऊ नका. तो खरेदीखताच्या मुशीत मृत्युपत्र ओततो. मग "कब्जा आज रोजी दिला आहे" असली वाक्यं त्यात शिरतात, आणि पुढे कोणीतरी कोर्टात म्हणतो की हे मृत्युपत्रच नाही.

नाव मिळालं की ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर जा. जिल्हा आणि न्यायालय निवडून वकिलाच्या नावाने शोध घेता येतो. त्याच्या नावावर वारसाचे किंवा प्रोबेटचे अर्ज दिसतात का, की सगळे धनादेश न वटल्याचे खटले आहेत, हे दहा मिनिटांत कळतं. फक्त मसुदे करणारा, कोर्टात न जाणारा वकील इथे दिसणार नाही, एवढं लक्षात ठेवा.

पैशाची अडचण असेल तर न्यायालयाच्या आवारातच तालुका विधी सेवा समिती किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि अपंग व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत सल्ला मिळतो. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. हेल्पलाइन १५१००. विधवा वहिनी किंवा एकट्या मावशीला हे माहीत नसतं, त्यांना सांगा.

सनद

वकिलाकडे बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाची सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, असते. तिच्यावर एम-ए-एच या इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक आणि शेवटी वर्ष असतं. तो मागायला संकोच नको. "लीगल कन्सल्टंट", "डॉक्युमेंटेशन एक्स्पर्ट" या पाट्यांमागे सनद असेलच असं नाही, आणि सनद नसलेल्याने घोळ घातला तर बार कौन्सिलकडे तक्रार करायचा मार्गही उरत नाही.

पहिली भेट

तीन नावं काढा आणि निदान दोघांना भेटा. या भेटीत तुम्ही काय विचारता यापेक्षा तो तुम्हाला काय विचारतो हे ऐका.

"जमीन वडिलोपार्जित आहे की स्वकष्टार्जित?" हा प्रश्न सगळेच विचारतात. तुम्ही "वडिलोपार्जित" म्हटल्यावर जो तिथे थांबतो तो कच्चा. बोलीभाषेत बापाकडून आलेलं सगळंच वडिलोपार्जित, कायद्यात तसं नाही. वडिलांची स्वतःची मिळकत १९५६ नंतर त्यांच्या मृत्यूने वारसाहक्काने तुमच्याकडे आली असेल तर ती साधारणपणे तुमची स्वतंत्र मालमत्ता धरली जाते. एकत्र कुटुंबाची असेल तर तुम्ही फक्त तुमच्या हिश्श्यापुरतं मृत्युपत्र करू शकता, आणि हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर त्या कुटुंबात मुलींचाही जन्मतः हिस्सा आहे. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो दुरुस्तीच्या वेळी वडील हयात नसतानाही मान्य केला. म्हणून जाणता वकील पुढे विचारतो: कोणाकडून आली, कधी आली, कुठल्या फेरफाराने, वाटप झालं होतं का, बहिणींची नावं कधी कमी केली आणि कशाच्या आधारे?

त्याने आणखी काही विचारायला हवं. शेतजमीन ज्याला देताय तो शेतकरी आहे का? २०२० मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात, मुंबई कूळ कायद्याच्या कलमांवरच, सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की शेतजमीन शेतकऱ्याकडेच जावी हे बंधन, शेतकरी नसलेल्याला ती मृत्युपत्राने देऊन, चुकवता येत नाही. भाच्याला किंवा सांभाळणाऱ्या शेजाऱ्याला जमीन ठेवणाऱ्यांची इथेच फसगत होते. बाई एकटी असेल, मूलबाळ नसेल, नवरा हयात नसेल, तर मृत्युपत्र नसताना तिने स्वतः कमावलेली मिळकतसुद्धा हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १५ प्रमाणे आधी सासरच्या वारसांकडे जाते, माहेरी नाही. हे तिला पहिल्याच भेटीत सांगणारा वकील भेटला तर पुढची दोन नावं खोडून टाका.

कुटुंबाचा धर्म आणि लग्न कुठल्या कायद्याखाली झालं हेही त्याने विचारायचं असतं. मुस्लिम व्यक्तीला वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापेक्षा जास्त मालमत्ता मृत्युपत्राने देता येत नाही. ख्रिस्ती किंवा पारशी व्यक्तीचं लग्नाआधीचं मृत्युपत्र लग्नाने रद्द होतं.

तुम्ही त्याला विचारायचे दोन प्रश्न पुरेत. एक, "वारस प्रमाणपत्र आणि उत्तराधिकार प्रमाणपत्र यांत फरक काय?" पहिलं १८२७ च्या मुंबई विनियमाखालचं, वारस कोण हे ठरवणारं. दुसरं १९२५ च्या कायद्याखालचं, बँकेतल्या रकमा, रोखे, येणी वसूल करण्यासाठीचं. रोज हे काम करणारा दोन वाक्यांत सांगतो. दुसरा, "नॉमिनी आहे, मग मृत्युपत्र कशाला?" नॉमिनी हा रक्कम हातात घेणारा विश्वस्त, मालक नव्हे. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं, आणि सहकारी सोसायटीत नॉमिनी हा तात्पुरता सभासद असतो. बँकेत १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी लावता येतात म्हणून वारशाचा प्रश्न सुटला असं सांगणारा चुकतोय.

आता जरा नाजूक गोष्ट. ज्या मुलाला जास्त मिळणार आहे त्याचाच मित्र वकील, त्यानेच गाडीतून नेलं, त्यानेच फी भरली, साक्षीदारही त्याचेच. कोर्ट याला संशयास्पद परिस्थिती म्हणतं, आणि तो संशय फेडायची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर येते. म्हणून वकील तुम्ही निवडा, फी तुमच्या खात्यातून द्या, आणि बोलणी चालू असताना मुलगा, सून, जावई बाहेरच्या बाकावर बसू देत. चांगला वकील स्वतःच त्यांना बाहेर बसवतो. घरच्यांना राग येतो, येऊ द्या.

फी

एकरकमी आकडा ऐकून होकार देऊ नका. चार भाग वेगळे सांगायला लावा: सल्ला, कागदपत्रांचा शोध, मसुदा आणि त्यातल्या किती दुरुस्त्या, नोंदणीच्या दिवशीची हजेरी. सरकारी खर्च यात मिसळू देऊ नका, कारण तो अगदी थोडा आहे. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही. महाराष्ट्रात नोंदणी फी १०० रुपये आणि दस्त हाताळणीचे पानामागे थोडे रुपये. "ऑफिस खर्च" म्हणून कोणी काही हजार सांगितले तर ते कशाचे हे विचारा आणि पावती मागा.

मालमत्तेच्या किमतीवर टक्केवारी मागणारा वकील मृत्युपत्रासाठी नको. मालमत्ता पाच कोटींची असली तरी वाक्यं तेवढीच लागतात. आणि कोर्टातल्या कामात "मिळेल त्यातले इतके टक्के" असा करार करायला वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. स्वस्त म्हणून असा करार मान्य केला की तुमच्या जमिनीत आणखी एक वाटेकरी तयार झाला.

मसुदा हातात आल्यावर

घरी न्या, दोन दिवस ठेवा, मोठ्याने वाचा. असं वाक्य दिसलं तर परत पाठवा:

"माझी गावाकडील जमीन धाकट्या मुलास व राहते घर पत्नीस द्यावे."

कुठली जमीन? गट किती? सामाईकात तुमचा हिस्सा किती? "राहते घर" म्हणजे लिहिताना राहत होता ते, की मरताना? पत्नीला पूर्ण मालकी की फक्त राहायचा हक्क? धाकटा तुमच्या आधी गेला तर? याउलट असं हवं:

"मौजे अमुक, तालुका तमुक येथील गट क्रमांक २१४, एकूण क्षेत्र १ हेक्टर २० आर, यातील माझा अविभक्त एक तृतीयांश हिस्सा माझ्या मृत्यूनंतर माझा मुलगा अमुक यास पूर्ण मालकी हक्काने मिळावा. तो माझ्याआधी मयत झाल्यास सदर हिस्सा त्याच्या अपत्यांना समसमान मिळावा."

तलाठी दुसऱ्या वाक्यावरून फेरफार लिहू शकतो. पहिल्यावरून तो तुमच्या मुलांना कोर्टात जायला सांगेल.

"पत्नीस तहहयात, तिच्यानंतर मुलास" या वाक्यावर विशेष नजर ठेवा. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १४ मुळे पत्नीचा असा मर्यादित हक्क कधी पूर्ण मालकीत बदलतो यावर कोर्टात वर्षानुवर्षं दावे चालले आहेत. हे शब्द ठेवायचे असतील तर वकिलाने त्यामागचं कारण समजावून द्यायला हवं. नवराबायकोंनी एकाच कागदावर संयुक्त मृत्युपत्र करणंही टाळा. एक गेल्यावर दुसऱ्याला ते बदलता येतं का, हा नसता वाद तयार होतो. दोन वेगळे कागद करा.

एखाद्या मुलाला काहीच देत नसाल तर त्याचं नाव गाळू नका. नाव लिहा, आणि एका साध्या वाक्यात कारण लिहा: "त्याच्या घरासाठी मी हयातीत मदत केली आहे." वारस नोंदीच्या वेळी सगळ्या हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस मिळतात, आणि गाळलेला मुलगा तिथे उभा राहतोच. कारण लिहिलेलं असेल तर "बाबांना माझी आठवणच नव्हती, भ्रमिष्ट झाले होते" हे म्हणणं टिकत नाही. शिव्याशाप मात्र नकोत.

शेवटी शेष मालमत्तेचं कलम आहे का पाहा, म्हणजे यादीत सुटलेल्या सगळ्याचं काय. आणि व्यवस्थापक, ज्याला वकील एक्झिक्युटर म्हणतात, तो तुमच्यापेक्षा लहान वयाचा, त्याला विचारून नेमलेला असावा.

सहीचा दिवस

साक्षीदार दोन, तुमच्यापेक्षा वयाने लहान, धडधाकट, पत्ता न बदलणारे, आणि ज्यांना मृत्युपत्रात काही मिळत नाही असे. पुढे कोर्टात किमान एका साक्षीदाराला बोलावावं लागतं, म्हणून सत्तरीच्या मित्रांना उभं करू नका. वकील स्वतः साक्षीदार झाला तर चालतं, पण मग वाद झाल्यास तो तुमच्या बाजूने ते प्रकरण चालवू शकणार नाही. दुसरा साक्षीदार तुमचा नेहमीचा डॉक्टर असेल तर सोन्याहून पिवळं. त्याच दिवसाच्या तारखेचं, तब्येत आणि मानसिक स्थिती ठीक असल्याचं त्याचं पत्र नोंदणी क्रमांकासह जोडा. दोन महिन्यांपूर्वीचं पत्र कामाचं नाही.

प्रत्येक पानावर सही, खाडाखोड असेल तिथेही सही, रिकाम्या जागा रेघ मारून बंद. अंगठा असेल तर "मराठीत वाचून दाखवले, समजले" असं साक्षीदारांनी लिहावं.

नोंदणी करा असंच आमचं मत. फोटो, अंगठ्याचे ठसे आणि तारीख सरकारी दप्तरी राहते, कागद हरवला तर प्रत मिळते, आणि तुम्ही हयात असेपर्यंत ती प्रत दुसऱ्या कोणाला मिळत नाही. माहिती आधी ऑनलाइन भरावी लागते, ते काम वकिलाचा कारकून करतो, पण भरलेली नावं सहीआधी स्क्रीनवर स्वतः वाचा. "क्रमांक" आणि "वय" यांच्या चुका इथेच शिरतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी दुय्यम निबंधक घरी येऊ शकतात, त्याचा अर्ज कारणासह आधी द्यावा लागतो. नोंदणीकृत मृत्युपत्र बदलायचं झालं तर नवीनही नोंदवाच, नाहीतर घरातला साधा कागद आणि सरकारी दप्तरातला कागद यांची झुंज लागते.

नंतरचं

वकिलाकडून मसुद्याची सॉफ्ट कॉपी, सगळ्या मूळ कागदांची पोच आणि फीची पावती घ्या. मूळ मालकी कागद त्याच्याकडे "सांभाळायला" ठेवू नका. घरात लग्न, जन्म, मृत्यू, घटस्फोट, मोठी खरेदी किंवा विक्री झाली की पुरवणी मृत्युपत्राची गरज आहे का हे त्याला विचारा. बँक आणि डिमॅटमधले नॉमिनी मृत्युपत्राशी जुळवून घ्या.

मूळ मृत्युपत्र एकट्याच्या नावावरच्या बँक लॉकरमध्ये ठेवू नका. लॉकर उघडायला बँक वारसाचे कागद मागते, आणि वारसाचे कागद लॉकरमध्ये असतात. घरातल्या कपाटात, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा. नोंदणी क्रमांक, वर्ष आणि कार्यालयाचं नाव एका चिठ्ठीवर लिहून व्यवस्थापकाकडे द्या. वारस नोंदीची वर्दी तलाठ्याकडे तीन महिन्यांच्या आत द्यायची असते, हेही त्याच चिठ्ठीवर खाली लिहून ठेवा.